जाड पाइप, पातळ पाइप : वेल्डिंगआधी टोकं जुळवायची कशी

लोटे, महाड, धाटाव, तळोजा. कोकणपट्टीतल्या कुठल्याही एमआयडीसीत शटडाउनच्या (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हाच्या) कामाला लागलात की ही गोष्ट फार लवकर समोर येते. ड्रॉइंगवर सहा इंची शेड्यूल ४० पाइप असतो (शेड्यूल म्हणजे जाडीचा क्रमांक, मोठा तितका पाइप जाड) आणि स्टोअरमध्ये एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, तेवढा शेड्यूल ८० चा शिल्लक असतो. इंजिनिअर विचारपूस करून मंजुरी देतो, एल्बो साइटवर येतो. पाइप आणि एल्बो समोरासमोर धरले तर बाहेरून केसाचाही फरक दिसत नाही. नवीन मुलगा खूश होतो, गॅप लावतो आणि टॅकसाठी (टोकं धरून ठेवणाऱ्या छोट्या वेल्डसाठी) वेल्डरला हाक मारतो.

आता आत हात घालून बघा. सहा इंची पाइपचा बाहेरचा व्यास शेड्यूल कुठलंही असो, १६८.३ मिमीच असतो. शेड्यूल ४० ची जाडी ७.११ मिमी, शेड्यूल ८० ची १०.९७. म्हणजे आतला व्यास एकीकडे १५४.१ आणि दुसरीकडे १४६.४. प्रत्येक बाजूला ३.८६ मिमीचा उंबरठा आत उभा राहिलेला आहे आणि बाहेरून तो कुणालाच दिसत नाही.

हा उंबरठा तसाच ठेवला तर काय होतं? टिगची (आर्गॉनच्या आडोशात होणाऱ्या वेल्डिंगची) रूट, म्हणजे सगळ्यात आतला पहिला थर, मारताना वेल्डरला दोन्ही कडा एकाच पातळीवर लागतात. एक कड खाली आणि एक वर असेल तर आर्क जवळच्या कडेला चिकटतो, दुसरी कड न वितळता तशीच राहते. एक्स-रे काढला की तिथे काळी सरळ रेघ येते आणि जॉइंट कापावा लागतो. समजा वेल्डर हुशार निघाला आणि रूट भरली, तरी जाडीत अचानक झालेल्या बदलापाशी ताण एकवटतो. लाइन रोज तापून थंड होत असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. आतून वाहणारं पाणी किंवा वाफ त्या पायरीवर आपटून भोवरे करते, पुढचा पातळ पाइप झिजतो. आडव्या लाइनमध्ये पायरीमागे पाणी साचतं आणि गंज धरतो. अल्ट्रासॉनिक तपासणी करणाऱ्याला त्या कोपऱ्यातून असा इको मिळतो की दोष कुठला आणि आकार कुठला हे सांगणं त्याला अवघड जातं.

म्हणून काम आतून सुरू करायचं आणि बेव्हल, म्हणजे वेल्डिंगसाठी कडेला दिलेला तिरका छाट, सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं या क्रमावर उभं आहे.

आधी कागद, मग ग्राइंडर

आयसोमेट्रिक ड्रॉइंग, लाइन क्लास आणि त्या जॉइंटचा डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं ते सांगणारा मंजूर कागद) मागून घ्या. डब्ल्यूपीएसमध्ये बेव्हलचा कोन, रूट फेस (बेव्हलखाली सरळ ठेवलेली कड), गॅप आणि आतली तफावत किती चालेल, हे लिहिलेलं असतं. कोडचे आकडे माहीत असावेत, पण साइटवर डब्ल्यूपीएस आणि क्लायंटचं स्पेसिफिकेशन चालतं.

तरी अंदाज यावा म्हणून सांगतो. प्रोसेस प्लांटच्या पाइपिंगला एएसएमई या अमेरिकी संस्थेचा बी३१.३ कोड लागतो. तो आतल्या तफावतीची मर्यादा डब्ल्यूपीएस आणि डिझाइनवर सोडतो, आणि बहुतेक ठिकाणी १.५ मिमी धरतात. पॉवर प्लांटच्या लाइनला बी३१.१, तिथे साधारण २ मिमीच्या वर गेलं की जाड बाजू आतून कापायची. गॅसच्या लांब पल्ल्याच्या वाहिन्यांना बी३१.८ आहे आणि तिथे २.४ मिमीपर्यंत फरक असेल तर, रूट पूर्ण भरत असेल अशा अटीवर, वेगळं काही करावं लागत नाही. दाभोळहून बंगळुरूकडे जाणाऱ्या गेलच्या वाहिनीसारख्या लाइनवर हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. रस्ता, रेल्वे, नदी ओलांडताना किंवा वस्तीजवळ जाड पाइप घालतात आणि पुढे पुन्हा पातळ. तिथे आतून पिग (लाइन साफ करत जाणारं साधन) जाणार असतो, त्यामुळे आतला उतार नीट नसेल तर पिगचे रबर कप फाटतात.

वाफेची लाइन असेल तर आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) लागू आहे का, हे पहिल्यांदा विचारा. आयबीआरच्या लाइनवर पाइप, फिटिंग, वेल्डर सगळ्यांची कागदपत्रं लागतात आणि 'थोडंसं ग्राइंड केलं' हेही परस्पर करता येत नाही.

हीट नंबर (धातू कुठल्या घाण्यातला ते सांगणारा क्रमांक) ही नवीन मुलांची हमखास सुटणारी गोष्ट. पाइपच्या ज्या टोकाला हीट नंबर लिहिलाय तेच टोक कापून भंगारात गेलं, तर उरलेला पाइप कुठला हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. कापण्याआधी नंबर उरणाऱ्या तुकड्यावर उतरवून घ्या आणि क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) माणसाला दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.

मापं घ्या, तक्त्यावर विसंबू नका

७.११ आणि १०.९७ हे कागदावरचे आकडे. सीमलेस पाइपच्या जाडीत १२.५ टक्के कमी चालतं. म्हणजे हातातला शेड्यूल ४० पाइप एखाद्या बाजूला ६.२२ मिमी असला तरी तो पास आहे, आणि शेड्यूल ८० चा ९.६ असला तरी पास. बाहेरच्या व्यासातही सहा इंचीला १.६ वर आणि ०.८ खाली अशी सूट असते. त्यामुळे दोन पाइप बाहेरून अगदी जुळतीलच असं नाही.

आधी टोकाची बर (कापताना कडेला राहिलेले धातूचे काटे) कानशीने काढा. बर तशीच ठेवून व्हर्नियर लावला तर जाडी जास्त दाखवतो. गंज आणि यार्डातला वार्निश टोकापासून आतबाहेर २५ मिमी तरी साफ करा. मग टोकावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे खुणा करा: बारा, दीड, तीन, साडेचार, असे आठ ठिकाण. प्रत्येक ठिकाणी जाडी मोजा आणि खडूने तिथेच पाइपवर लिहा. आतला व्यास चार दिशांनी मोजा. बाहेरचा घेर टेपने घ्या. सहा इंचीला तो ५२८.७ मिमीच्या आसपास यायला हवा. दोन पाइपांच्या घेरात मोठा फरक दिसला तर तोही आत्ताच कळलेला बरा.

समुद्राजवळच्या यार्डात दोन-तीन पावसाळे पडून राहिलेल्या पाइपबाबत आणखी एक काळजी. आतून खड्डे पडलेले असतात. जाडी टोकावर बरोबर दिसते आणि चार इंच आत खड्ड्यात दीड मिमी गेलेली असते. टॉर्च घालून बघा, शंका आली तर अल्ट्रासॉनिक जाडीमापक मागवा.

कोणी कापून घ्यायचं?

नेहमी जाड बाजूने. पातळ पाइपला आतून हात लावायचा नाही. त्याची जाडी डिझाइनरने दाबासाठी मोजून दिलेली असते.

फरक आत असेल (आपलं उदाहरण), तर जाड बाजू आतून बोअर करायची. फरक बाहेर असेल, म्हणजे आतले व्यास जुळतात पण व्हॉल्व्हचं किंवा फोर्जिंगचं टोक बाहेरून जाड आहे, तर बाहेरून उतार द्यायचा. हे काम सोपं, डोळ्यांसमोरचं. दोन्हीकडे फरक असेल तर दोन्हीकडे उतार, आणि मग आधी आतला जुळवा.

फरक इतका मोठा असेल की बोअर करून जाड फिटिंगचा अर्थच उरत नाही, तर मधली जाडी असलेला, दोन्ही टोकं कारखान्यातच तयार केलेला तुकडा घालतात. गॅसवाहिनीच्या कोडमध्ये अशा तुकड्याची लांबी निदान अर्ध्या व्यासाइतकी हवी असं आहे. हा निर्णय इंजिनिअरचा. तुमचं काम इतकंच की मापं त्याच्या टेबलावर वेळेत ठेवायची, टॅक मारून झाल्यावर नव्हे.

उताराचा हिशेब

पायरी काढून तिथे उतार करायचा. उतार किती तीव्र? ३० अंशांपेक्षा जास्त नको, ही वरची मर्यादा बहुतेक कोडमध्ये सापडते. गॅसवाहिनीच्या कोडमध्ये दोन पाइपांची ताकद वेगळी असेल तर खालची मर्यादा १४ अंश. १४ अंश म्हणजे जवळपास एकास चार: एक मिमी उंचीला चार मिमी लांबी. जिथे लाइन सतत तापते-थंडावते किंवा अल्ट्रासॉनिक होणार आहे तिथे क्लायंट बहुधा एकास चार मागतो.

आपल्या जॉइंटसाठी आकडे काढू. पायरी ३.८६ मिमी. ३० अंशांचा उतार ठेवला तर लांबी ३.८६ गुणिले १.७३, म्हणजे साधारण ६.७ मिमी. एकास चारने ३.८६ गुणिले ४, म्हणजे साडेपंधरा मिमी.

पण उतार थेट कडेपासून सुरू करू नका. कोडच्या आकृतीत तसंही चालतं, मात्र साइटवर त्याचा त्रास होतो. उतार कडेपासूनच असेल आणि पुढे काही कारणाने टोक दोन मिमी मागे कापावं लागलं, तर कडेचा आतला व्यास बदलतो आणि पुन्हा हाय-लो (दोन आतल्या कडांमधली पायरी) येतो. म्हणून कडेपासून आत ६ ते १० मिमी सरळ बोअर पातळ पाइपच्या आतल्या व्यासाला ठेवा आणि तिथून पुढे उतार सुरू करा. रूट मारताना वेल्डरला दोन्हीकडे सारखी सपाट कड मिळते आणि एखाद-दुसऱ्या दुरुस्तीला जागाही राहते. अल्ट्रासॉनिक असेल तर हा सरळ भाग आणखी लांब मागतात. तो आकडा इन्स्पेक्टरकडून घ्या.

बोअर करताना

पाइपचा सुटा तुकडा असेल तर लेथ सगळ्यात उत्तम. लेथवर पाइप बाहेरून चकमध्ये धरतात, त्यामुळे बोअर बाहेरच्या व्यासाशी समकेंद्री होतो आणि कडेची उरलेली जाडी चोहीकडे सारखी येते: १६८.३ वजा १५४.१, भागिले दोन, म्हणजे ७.१ मिमी.

साइटवरच्या पोर्टेबल बेव्हलिंग मशीनचं गणित वेगळं आहे. छोट्या मशीनचा मँड्रेल (मधला दांडा) पाइपच्या आत शिरून आतून पकड घेतो. म्हणजे तिचा बोअर आतल्या व्यासाशी समकेंद्री. पाइपची जाडी चोहीकडे सारखी असेल तर काही बिघडत नाही. पण आठ ठिकाणच्या मापांत समजा एका बाजूला ९.८ आणि समोर १२.१ आलं असेल, तर मशीन दोन्हीकडून ३.८६ काढणार आणि उरणार ५.९४ व ८.२४. ५.९४ म्हणजे पातळ पाइपच्या किमान ६.२२ च्याही खाली. जॉइंट बाहेरून देखणा आणि एका बाजूने कमजोर. मापं खडूने पाइपवर लिहायला सांगितली ती यासाठी. फरक मोठा दिसला तर बाहेरून बसणारं स्प्लिट फ्रेम मशीन मागवा किंवा टोक लेथवर पाठवा.

एल्बोचं दुखणं आणखी निराळं. एल्बोला सरळ भाग नसतो, तो कडेपासूनच वळतो; आपलं हत्यार मात्र सरळ आत जातं. सहा इंची लाँग रेडियस एल्बोची वळणाची त्रिज्या २२९ मिमी. २५ मिमी आत गेलात की हत्याराचा मध्य एल्बोच्या मध्यापासून जवळपास १.४ मिमी सरकलेला असतो, आणि तेवढा जास्त धातू वळणाच्या बाहेरच्या पाठीकडून जातो. १० मिमी सरळ आणि साडेपंधरा मिमी उतार असं केलंत तर नेमके याच खोलीवर पोचता. म्हणून एल्बोत सरळ भाग कमी ठेवा, स्पेसिफिकेशन परवानगी देत असेल तर उतार ३० अंशांजवळ न्या, आणि बोअर झाल्यावर पाठीच्या बाजूने जाडीमापक लावून बघा.

मशीन नसेल आणि ग्राइंडरनेच करायचं असेल, तर पत्र्याचा साचा करा. पातळ पत्रा घ्या, त्यावर सरळ भाग आणि उतार प्रत्यक्ष मापात आखा आणि कात्रीने कापा. पाइपच्या तोंडावर पातळ पाइपचा आतला व्यास कंपासने गोल आखा. ही ग्राइंडिंगची हद्द. आत किती खोल जायचं तिथे मार्करने पूर्ण घेर आखा. ही दुसरी हद्द. मग लांब मानेचा डाय ग्राइंडर आणि कार्बाइड बर (त्यात बसणारं धातू खरवडणारं टोक) घेऊन दोन रेघांच्या मधला धातू काढत चला आणि दर थोड्या वेळाने साचा फिरवून प्रकाश कुठून येतो ते बघा. चार इंची अँगल ग्राइंडर सहा इंची पाइपमध्ये तिरका शिरतो, पण चाक कडेला अडकून झटका मारतो आणि सरळ भागाला खाचा पडतात. मला ती पद्धत पटत नाही. दोन-तीन इंची लाइन असेल तर हाताने हा उद्योग करूच नका, लेथ शोधा.

ग्राइंडरची चार वाक्यं आलीच पाहिजेत. गार्ड काढायचा नाही, चाक आत बसत नसलं तरीही. १०० मिमीच्या चाकावर साधारण १५,३०० आरपीएम आणि १८० मिमीच्यावर ८,५०० लिहिलेलं असतं. मोठं चाक छोट्या मशीनवर चढवणं म्हणजे ते फुटण्याची वाट बघणं. चष्म्यावर फेसशील्ड हवीच. हॉट वर्क परमिट, फायर वॉच आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला काय आहे याची खात्री, या तिन्हीशिवाय चाक फिरवायचं नाही.

विकतच्या एल्बोचे हरवलेले तीन मिमी

इथे बहुतेकांचं माप चुकतं, म्हणून जरा थांबून समजून घ्या. विकतचा एल्बो बेव्हल करूनच येतो: ३७.५ अंश, रूट फेस १.६ मिमी. तो बेव्हल १०.९७ जाडीसाठी केलेला असतो. आता तुम्ही आतून ३.८६ मिमी काढलेत. १.६ ची रूट फेस तर गेलीच, तिच्या वरचा बेव्हलचाही भाग गेला. उरली ती सुरीसारखी धार, आणि ती मूळ तोंडापासून सुमारे १.७ मिमी मागे. या धारेवर वेल्डिंग होत नाही, ती आर्क लागताच वितळून गळते. पुन्हा १.६ ची रूट फेस काढायला तोंड आणखी १.२ मिमी मागे न्यावं लागतं. एकूण जवळजवळ ३ मिमी गेले.

म्हणजे एल्बोचं सेंटर टू एंड माप (दोन्ही तोंडांच्या मध्यरेषा मिळतात तिथपासून तोंडापर्यंतचं) २२९ होतं ते २२६ झालं. पाइप मात्र तुम्ही ड्रॉइंगच्या मापाने आधीच कापून ठेवलाय. स्पूल (पाइप आणि फिटिंग जोडून केलेला तुकडा) ३ मिमी आखूड येणार, आणि पुढे फ्लँजचे बोल्ट बसेनात म्हणून चेन ब्लॉक लावून लाइन ओढणार. यावर उपाय एकच: जाड फिटिंगचं बोअर आणि बेव्हल पूर्ण करा, मग सेंटर टू एंड मोजा आणि त्यानंतरच पाइपची लांबी ठरवा. शटडाउनच्या घाईत हा क्रम उलटा होतो. विशेषतः गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, जेव्हा अर्ध्या गँगचं लक्ष गावच्या गाडीकडे असतं.

साध्या पाइपचं टोक असेल तर हा प्रश्न येत नाही, फक्त आधी बोअर करून मगच बेव्हल करायचा.

बेव्हल आणि रूट फेस

आधी तोंड पाइपशी काटकोनात आणा. रॅप अराउंड पट्टी गुंडाळून रेघ मारा, कापा, गुण्या लावून बघा. गॅसने कापलं असेल तर स्लॅग आणि खाचा ग्राइंड करून स्वच्छ धातू दिसेपर्यंत जा.

बेव्हल एएसएमईच्या बी१६.२५ प्रमाणे ३७.५ अंश, अडीच अंश इकडेतिकडे. गॅसवाहिनीच्या पाइपला कारखान्यातून ३० अंशांचा येतो. दोन टोकांवर वेगळे कोन आले तर एकत्रित कोन डब्ल्यूपीएसमध्ये बसतो का बघा. २२ मिमीच्या वर जाडी गेली की खालचा भाग ३७.५ आणि वरचा १० अंश असा दुहेरी बेव्हल करतात, नाहीतर वेल्डर भरूनच दमेल. आपल्या ७.१ मिमीच्या कडेवर, १.६ ची रूट फेस धरली तर बेव्हल बाहेरून सव्वाचार मिमी मागे जातो. स्केल लावून एवढं तपासलं तरी कोनाची मोठी चूक पकडता येते.

रूट फेस १.६, कमीजास्त ०.८. ती चोहीकडे सारखी हवी. कानशीने शेवटचा हात फिरवा. ग्राइंडरने कितीही सफाईने केली तरी काही ठिकाणी अर्धा मिमी आणि काही ठिकाणी अडीच राहते, आणि टिग वेल्डरला ते लगेच कळतं.

स्टेनलेस असेल तर चाक, ब्रश, कानस सगळं वेगळं. कार्बन स्टीलवर वापरलेला ब्रश स्टेनलेसवर फिरवला की लोखंडाचे कण रुततात आणि आपल्या खाऱ्या हवेत दोन दिवसांत तांबूस डाग उठतात. पी२२, पी९१ (क्रोमियम मिसळलेल्या पोलादाच्या जाती) असं काही पाइपवर दिसलं, उदाहरणार्थ जयगडसारख्या औष्णिक केंद्राच्या वाफेच्या लाइनवर, तर गॅस कटर बाजूला ठेवा आणि फोरमनला विचारा. त्या धातूंना कापण्यापासून प्रीहीटपर्यंत वेगळे नियम आहेत. पी९१ ला वेल्डिंगआधी २०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं.

किनाऱ्यावरची हवा

तयार टोक उघडं ठेवून रात्री घरी गेलात तर सकाळी त्यावर तांबूस थर असतो. पावसाळ्यात तर तासाभरात. शक्यतो ज्या दिवशी बेव्हल त्याच दिवशी टॅक. ते जमणार नसेल तर टोकाला प्लास्टिकची टोपी, नाहीतर ताडपत्री आणि चिकटपट्टी. जेट्टीवरच्या किंवा खाडीकाठच्या पाइपवर मिठाचा थर बसतो. तो ब्रशने जात नाही, गोड्या पाण्याने धुऊन पुसून वाळवावा लागतो.

सकाळी पाइपवर दव असतं. डोळ्यांना धातू कोरडा दिसला तरी बर्नर फिरवला की ओलावा सुटताना दिसेल. कोडला प्रीहीट लागत नसला तरी टोक हाताला चांगलं कोमट लागेपर्यंत शेकून घ्या, नाहीतर रूटमध्ये छिद्रं येतात. ७०१८ च्या वेल्डिंग रॉडचा डबा उघडला की त्याला ओव्हन हवा. हवेतला ओलावा तो भराभर ओढतो.

आणि वारा. टिगला ताडपत्रीचा आडोसा सगळे करतात, पण पाइपच्या आतून वाहणारा वारा विसरतात. लाइनचं दुसरं तोंड खाडीकडे उघडं असेल तर आतून झोत येतो, गॅपमधून आर्गॉन उडवून देतो आणि वेल्डर बिचारा मशीनला शिव्या घालतो. दुसरं तोंड बंद करा. मात्र आत आर्गॉनचं पर्जिंग (आतली हवा काढून आर्गॉन भरणं) चालू असेल तर पर्जची वाट मोकळी ठेवा आणि बंद जागेत डोकं घालू नका.

फिटअप

आता दोन्ही टोकं समोरासमोर आणा. गॅप डब्ल्यूपीएसप्रमाणे, २.४ च्या फिलर वायरने टिग रूट असेल तर साधारण अडीच ते तीन मिमी ठेवतात. त्याच जाडीची वायर वाकवून गॅपमध्ये ठेवली की गॅप हलत नाही.

हाय-लो गेज आत घालून घड्याळाच्या आठही ठिकाणी बघा. सगळं नीट केलं असलं तरी पाइप थोडा लंबगोल असतोच. एका बाजूला २ आणि समोर शून्य आलं तर पाइप फिरवून बघा, कधी नुसत्या पाव फेरीने फरक पडतो. बाकीची तफावत चोहीकडे वाटून द्या: २ आणि शून्यपेक्षा चारी बाजूंना १ केव्हाही बरा. क्लॅम्प वापरा. हातोड्याने पातळ पाइप आत दाबून हाय-लो काढणारे असतात. त्याने तोंड वाकतं, आत खड्डा पडतो आणि गेजवर आकडा सुटला तरी खड्डा तिथेच राहतो.

या टप्प्यावर एखादा अनुभवी वेल्डर म्हणेल, "ठेव रे तसंच, मी भरून घेतो." वेल्डरकाका चांगल्या मनाने म्हणतात, आणि भरूनही घेतात. पण आतली पायरी बाहेरून भरता येत नाही. हाय-लो मर्यादेबाहेर असेल तर नम्रपणे सांगा, "काका, पाच मिनिटं द्या, खोलून परत लावतो." टॅक पडण्याआधी खोलायला पाच मिनिटं लागतात. एक्स-रेनंतर अख्खी पाळी.

टॅक सहा इंचीला चार, समोरासमोर, आणि ते पात्र वेल्डरनेच मारायचे. रूटमध्ये राहणारे टॅक असतील तर दोन्ही टोकं ग्राइंड करून पातळ करा, म्हणजे रूट त्यांच्यात मिसळेल. ब्रिज टॅक (गॅपवर पुलासारखे मारलेले तात्पुरते टॅक) असतील तर ते वेल्डिंग पुढे सरकेल तसे काढायचे आणि त्यांची जागा घासून साफ करायची.

टॅक झाल्यावर गॅप आणि हाय-लो पुन्हा मोजा, कारण टॅक थंड होताना ओढतो. मग पाइपवर जॉइंट नंबर, दोन्हीकडचे हीट नंबर, फिटरचा नंबर आणि तारीख पेंट मार्करने लिहा. बोअरनंतर उरलेली सगळ्यात कमी जाडी किती आली, तो आकडाही फिटअप रिपोर्टमध्ये टाका. इन्स्पेक्टर सहीला येईल तेव्हा तो हाच आकडा मागेल, आणि रूट पडल्यावर आत गेज घालायला जागा उरत नाही.